व्यंगचित्रकाराच्या खुनाची कथा लिहायची तर पुरावा कुठे ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लेखिकेला रहस्यकादंबरी लिहायची आहे. मुंबई, दोन प्रतिस्पर्धी मराठी दैनिकं, दोन नावाजलेले व्यंगचित्रकार. त्यांतला एक सकाळी आपल्या ड्रॉइंग बोर्डावर डोकं टेकलेल्या अवस्थेत मृत सापडतो. समोर अर्धवट राहिलेलं व्यंगचित्र, आणि त्या चित्रातल्या एका चेहऱ्यात खुन्याची ओळख दडलेली. त्या विचारतात, व्यंगचित्रकारांत इतकं टोकाचं वैर खरंच असतं का, आणि चित्रातला पुरावा वाचकाला पटेल असा कसा करायचा.

चित्रं जस्ताच्या ब्लॉकवरून छापली जायची तेव्हापासून मी वृत्तपत्रांच्या कलाविभागात आहे. स्वतः चित्रं काढली, त्याहून जास्त दुसऱ्यांची पानात लावली. रहस्यकथा हा माझा आवडीचा वाचनप्रकार, त्यामुळे हा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला. या विषयात मोठी कादंबरी दडलेली आहे, पण तुम्ही पुरावा ठेवला आहे ती जागा बदलावी लागेल.

आधी ते अर्धवट चित्र. मरणाऱ्या माणसाने शेवटच्या क्षणी खुन्याचं अर्कचित्र, म्हणजे चेहऱ्याच्या खुणा फुगवून काढलेलं चित्र, काढावं ही कल्पना सोडून द्या. अर्कचित्र असं होत नाही. ओळखीच्या चेहऱ्याचंसुद्धा नाक आणि जबडा यांचं नातं सापडेपर्यंत चार-पाच कच्ची रेखाटनं फाडली जातात. ज्याच्याकडे अर्धा मिनिट उरला आहे तो सरळ नाव लिहील. दुसरं म्हणजे ते चित्र खुन्याच्या डोळ्यांसमोरच पडलेलं आहे. तो ते घेऊन जाईल, जाळेल, त्यावर शाईची बाटली उपडी करेल. खुन्याला नष्ट करता येतो तो पुरावा रहस्यकथेत फार टिकत नाही.

मग त्याला नष्ट करता येत नाही असं काय? छापून गेलेला अंक. लाखभर प्रती पहाटे गाड्यांतून गेल्या की त्या कोणाच्याही बापाला परत आणता येत नाहीत. आणि प्रत्येक छापील व्यंगचित्रामागे एक मूळ चित्र असतं. या दोघांत फरक निघाला तर तो कोणीतरी, कुठल्यातरी टेबलाशी बसून, कुठल्यातरी वेळेला केलेला असतो. तुमची कादंबरी या फरकात आहे.

आता वैराकडे येतो. वैर असतं, पण बाहेरच्यांना वाटतं तिथे नसतं. उजवा-डावा, या पक्षाचा-त्या पक्षाचा यावरून व्यंगचित्रकार चहा पिताना भांडतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांकडे निब उसनी मागतात. बाळ ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण हे दोघे 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये एकत्र होते. पुढे लक्ष्मण 'टाइम्स'मध्ये गेले, ठाकऱ्यांनी १९६० मध्ये 'मार्मिक' काढलं. दोघांच्या वाटा आणि विचार किती वेगळे झाले ते सर्वांना ठाऊक आहे, तरी स्नेह टिकला. मतभेदाने तुटतात ते बहुधा वाचक. चित्रकार तुटतात ते श्रेयावरून आणि पानातल्या जागेवरून. कोणाच्या नावाने छापलं गेलं, पात्र कोणाचं, पहिल्या पानावर कोण आणि आतल्या पानावर कोण, जाहिरात आली म्हणून कोणाचं तीन कॉलमी चित्र दोन कॉलमांत कोंबलं. या गोष्टी क्षुल्लक वाटतील, पण रोज घडतात. रोज घडणारा अपमान वर्षानुवर्षं साचत जातो.

याचं जगातलं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ते सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला हवं ते सगळं त्यात आहे.

हॅम फिशर हा पेन्सिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरीचा. 'जो पालुका' नावाच्या भल्या स्वभावाच्या मुष्टियोद्ध्याची त्याची चित्रपट्टी १९३० मध्ये सुरू झाली आणि शेकडो वृत्तपत्रांत पोचली. काही वर्षांत त्याने अल कॅप नावाचा एक गरजू तरुण साहाय्यक म्हणून ठेवला. कॅपचा डावा पाय लहानपणी ट्रॉलीच्या अपघातात गेला होता, गाठीला पैसा नव्हता, हात मात्र विलक्षण होता. याच काळात 'जो पालुका'मध्ये बिग लेव्हिटिकस नावाचा डोंगराळ भागातला एक आडदांड, अडाणी मुष्टियोद्धा आला. ऑगस्ट १९३४ मध्ये कॅपने स्वतःची 'लिल अॅब्नर' ही पट्टी सुरू केली, तीही डोंगराळ खेड्यातल्या माणसांचीच. फिशरचं म्हणणं, माझी पात्रं चोरली. कॅपचं म्हणणं, ते प्रकरण मीच लिहिलं आणि मीच काढलं, नाव तेवढं फिशरचं होतं.

पुढची वीस वर्षं हे वैर दोघांनीही जिवंत ठेवलं. कॅपचा साहाय्यक मो लेफ फिशरने आपल्याकडे ओढला. फिशरने नाकावर शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा कॅपने आपल्या पट्टीतल्या एका घोड्याला त्या नाकावरून नाव ठेवलं. १९५० मध्ये कॅपने 'अटलांटिक' मासिकात आपल्या उमेदवारीच्या दिवसांवर लेख लिहिला. त्यात फिशरचं नाव नव्हतं, 'राक्षस' होता. त्याच वर्षी 'लिल अॅब्नर'मध्ये हॅपी व्हर्मिन नावाचा व्यंगचित्रकार अवतरला, जो भोळ्या अॅब्नरला अंधाऱ्या कपाटात बसवून स्वतःच्या नावावर खपणारी चित्रं त्याच्याकडून काढून घेतो. कोट्यवधी वाचकांना ती गंमत वाटली. ज्याला कळायचं होतं त्याला कळलं.

मग गोष्ट पुराव्यापर्यंत आली. कॅपच्या चित्रांत अश्लील आकार लपवलेले आहेत अशी कुजबुज सुरू झाली आणि तसं दाखवणारी चित्रं फिरू लागली. कॅप बॉस्टनमधल्या एका दूरचित्रवाणी केंद्राच्या परवान्यासाठी खटपट करत होता, त्या वेळी अशी चित्रं परवाना देणाऱ्या आयोगापर्यंत पोचली. कॅपच्या बाजूने छापून आलेल्या पट्ट्या शेजारी ठेवल्या गेल्या. आक्षेपार्ह रेषा छापील अंकात नव्हत्याच, त्या नंतर घातलेल्या होत्या. १९५५ मध्ये नॅशनल कार्टूनिस्ट्स सोसायटी या अमेरिकी व्यंगचित्रकारांच्या संघटनेने, सभासदाला न शोभणारं वर्तन केल्याबद्दल फिशरवर कारवाई केली. त्याच वर्षी २७ डिसेंबरला फिशरने स्वतःचं जीवन संपवलं.

इथे खून नाही, एका माणसाचा अतिशय दुःखद अंत आहे, म्हणून ही घटना जशीच्या तशी उचलू नका. पण तिचा सांगाडा बघा. नाव एकाचं, हात दुसऱ्याचा. पात्राच्या जन्मावरून वाद. पळवलेला साहाय्यक. पट्टीतूनच जाहीरपणे काढलेला सूड. बनावट चित्र, आणि ते खोटं पाडणारा छापील अंक. आणखी एक गोष्ट आहे, जी मला लेखक म्हणून सर्वांत महत्त्वाची वाटते. फिशर गेल्यावरही 'जो पालुका' थांबली नाही. मो लेफ ती काढत राहिला, पुढे टोनी डिप्रेटाने ती १९८४ पर्यंत चालवली. मेलेल्या माणसाचं चित्र रोज सकाळी दारात पडत राहतं. खुनाची वेळ लपवण्यासाठी याहून चांगली सोय दुसऱ्या कुठल्या व्यवसायात आहे, सांगा.

मराठी दैनिकातही हे शक्य आहे. रजेवर जाण्याआधी प्रत्येक व्यंगचित्रकार चार-सहा बिनतारखेची चित्रं काढून ठेवतो. पाऊस, महागाई, लोकलची गर्दी, रस्त्यातले खड्डे, कधीही चालतील अशी. दिवाळी अंकांची हास्यचित्रं तर गणपतीच्या आधीच द्यावी लागतात. त्यामुळे अमुक तारखेच्या अंकात चित्र आलं म्हणजे माणूस आदल्या रात्री जिवंत होता, हे पोलिसांचं पहिलं अनुमान चुकीचं ठरू शकतं. मात्र ही युक्ती टिकायची तर चित्राचा विषय कालातीत हवा. आदल्या संध्याकाळी घडलेल्या घटनेवरचं चित्र असेल तर तो माणूस संध्याकाळपर्यंत होता, किंवा ते चित्र त्याचं नाही.

खुनाच्या हेतूसाठी कायदाही तुमच्या बाजूने आहे, आणि मराठी रहस्यकथांत तो कोणी फारसा वापरलेला नाही. अमेरिकेत पात्रांवरचे हक्क बहुधा सिंडिकेटकडे, म्हणजे एकच पट्टी अनेक वृत्तपत्रांना विकणाऱ्या संस्थेकडे असत. दोन द्वाड पोरांची 'कॅट्झेनजॅमर किड्स' ही पट्टी काढणारा रुडॉल्फ डर्क्स हा वृत्तपत्रमालक हर्स्टचं वृत्तपत्र सोडून गेला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. निकाल असा लागला की पात्रं डर्क्सला काढता येतील, पट्टीचं नाव हर्स्टकडे राहील. मग तीच द्वाड पोरं दोन वेगवेगळ्या वृत्तपत्रांत, दोन वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या नावांखाली कित्येक वर्षं धुडगूस घालत राहिली. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा नोकरीतल्या व्यंगचित्रकाराबद्दल नीट बोलतो. वेगळा करार नसेल तर वृत्तपत्राच्या मालकाचा हक्क फक्त वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता. बाकी सगळे हक्क, म्हणजे पुस्तक, दिनदर्शिका, मालिका, जाहिरात, हे चित्रकाराचे. मुदत त्याच्या हयातीनंतर आजच्या कायद्याने ६० वर्षं.

याचा अर्थ लक्षात घ्या. समजा, तुमच्या मृत व्यंगचित्रकाराच्या प्रसिद्ध पात्राला मालिकेसाठी मोठी मागणी आली आहे. ते पात्र खरं तर कोणी निर्माण केलं हे सिद्ध करणारी पहिली काही मूळ चित्रं एका पोलादी कपाटात आहेत. ती कोणाच्या हातची ठरतात यावर पुढच्या ६० वर्षांचं उत्पन्न कोणाच्या घरी जाणार ते ठरतं. प्रतिस्पर्धी दैनिकातला 'शत्रू' हा एकेकाळचा त्याचाच साहाय्यक असेल तर तुमच्या दोन दैनिकांच्या भांडणाला एकदम खोली येईल.

आता चित्र टेबलावरून पानापर्यंत कसं जातं ते सांगतो. हे नीट समजून घेतलंत तर अर्धं कथानक आपोआप जुळेल.

सत्तर-ऐंशीच्या दशकातलं मुंबईतलं दैनिक धरू. दुपारी संपादकांशी बोलणं, मग दोन-तीन रफ. एक पक्कं झालं की जाड ड्रॉइंग पेपरवर आधी पेन्सिल, त्यावर टाक किंवा ब्रश, काळी वॉटरप्रूफ शाई. चुकलं तिथे पांढरा पोस्टर कलर. शाई वाळली की खोडरबर फिरवून पेन्सिल काढायची. मूळ चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट-दुप्पट मोठं असतं. ते प्रोसेस कॅमेऱ्याकडे जातं, लहान होऊन निगेटिव्ह बनते. या कॅमेऱ्याची लाइन फिल्म लाल रंगाला आंधळी असते, म्हणून लाल पेन्सिलची रेघ छापताना काळी उमटते. फिकट निळी मात्र उमटतच नाही, कागदासारखी पांढरी येते. म्हणून आम्ही सूचना निळ्या पेन्सिलीने लिहायचो. 'इथे काळं भर', 'दोन कॉलम', 'नाव बदल, साहेबांशी बोल'. मूळ चित्रावर या सूचना शाबूत राहतात, छापील अंकात त्यांचा मागमूसही नसतो. मृताने खुन्यासाठी लिहिलेली निळी ओळ कपाटातल्या मूळ चित्रावर वर्षानुवर्षं पडून राहू शकते. ते चित्र छापील रूपात अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलेलं असतं, आणि ती ओळ कोणीच नाही.

निगेटिव्हपासून पुढे दोन रस्ते. जुन्या छपाईत जस्ताच्या पत्र्यावर चित्र उतरवून नायट्रिक आम्लात पत्रा खायला देत. रेषा उंच उरायच्या, बाकीचं जस्त खाली जायचं. पत्रा लाकडावर ठोकला की ब्लॉक तयार. ब्लॉकवर एक गोष्ट करता येते, दुसरी येत नाही. रेष कोरून काढून टाकता येते, नवी घालता येत नाही. खाऊन गेलेलं जस्त परत येत नाही. उलट ऑफसेट, म्हणजे निगेटिव्हवरून सपाट प्लेट करून छापायची नवी पद्धत, आल्यावर निगेटिव्हवर दोन्ही शक्य झालं. ऑपेकने, म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या रंगाने रंगवलं की रेष जाते, ब्लेडने खरवडलं की नवी रेष उमटते.

आता यात दैनिकाच्या दोन आवृत्त्या घाला. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती रात्री लवकर छापली जाते, शहर आवृत्ती उशिरा. समजा काळ ब्लॉकचा आहे. डाक आवृत्तीतल्या व्यंगचित्रात मंत्र्याच्या हातात नुसती फाइल आहे. शहर आवृत्तीत त्याच फाइलीवर एक आकडा आहे. एखादी वस्तू कमी झाली असती तर ब्लॉक खात्यातल्या कोणीही कोरून काढली असं म्हणता आलं असतं. पण वाढली आहे. म्हणजे मूळ चित्र पुन्हा टेबलावर आलं, त्यावर कोणीतरी टाक चालवला, पुन्हा कॅमेरा, पुन्हा आम्ल, नवा ब्लॉक. पोलिसांच्या मते व्यंगचित्रकार तोवर मेलेला होता. मग टाक कोणाच्या हातात होता? 'आमचं चित्र संध्याकाळी सातलाच खाली गेलं, नंतर कोणी हात लावला नाही,' असं शपथेवर सांगणारा माणूस इथे अडकतो.

काळ ऑफसेटचा घेतलात तर आणखी सूक्ष्म पुरावा मिळतो. उजव्या हाताचा माणूस छटा देण्यासाठी तिरक्या रेघा मारतो त्या साधारणपणे वर उजवीकडे आणि खाली डावीकडे झुकलेल्या असतात. डावखुऱ्याच्या उलट. निगेटिव्हवर खरवडायचं ते इमल्शनच्या, म्हणजे फिल्मवरच्या काळ्या थराच्या बाजूने, आणि त्या बाजूने चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. त्यामुळे उजव्या हाताने खरवडलेल्या रेघा छापून येताना डावखुऱ्याच्या वाटतात. सगळे डावखुऱ्या संशयिताच्या मागे लागतात. कॅमेरा खात्यात आयुष्य गेलेला माणूस फिल्म उलटी धरतो आणि विचारतो, हे कागदावर काढलंय असं तुम्हाला कोणी सांगितलं?

ब्लॉक खात्यातलं आम्ल खुनाचं हत्यार म्हणून वापरू नका, ते ढोबळ होईल. त्याचा डाग वापरा. नायट्रिक आम्ल कातडीला लागलं की पिवळा डाग पडतो आणि ती कातडी झडेपर्यंत जात नाही. हळदीचा डाग चार वेळा हात धुतल्यावर फिका पडतो. संपादकाच्या बोटावर आठवडाभर टिकलेला पिवळेपणा त्याच्या घरातल्या स्वयंपाकाच्या बाईला आधी खटकेल, इन्स्पेक्टरला नंतर.

चित्रातला पुरावा पटेल असा कसा करायचा, हा तुमचा दुसरा प्रश्न. त्यासाठी बनावट चित्र कसं ओळखायचं ते कळायला हवं. गंमतीच्या कल्पनेवरून ओळखू नका. एकाच बातमीवर दोन चित्रकारांना एकच कल्पना सुचणं ही नेहमीची गोष्ट आहे. जानेवारी २०१५ मध्ये लक्ष्मण गेले तेव्हा देशभरच्या कितीतरी व्यंगचित्रकारांनी एकाकी पडलेला 'कॉमन मॅन' काढला. त्यात चोरी नव्हती, सगळ्यांना एकच दुःख झालं होतं. चोरी सिद्ध होते ती सारख्या चुकीवरून. एकाने घाईत टेबलाला तीन पाय काढले आणि दुसऱ्याच्याही टेबलाला तीनच पाय निघाले, तर ते योगायोगाने होत नाही.

नकललेली रेष शोधायची तर चित्र लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर ठेवून बघायचं. खऱ्या चित्राखाली पेन्सिलीचे धडपडलेले अवशेष दिसतात, पांढऱ्या पोस्टर कलरखाली आधीची चुकलेली रेष दिसते. गिरवलेल्या चित्राखाली काहीच नसतं, कारण गिरवणाऱ्याला शोधाशोध करायची गरजच पडलेली नसते. त्याची रेष सावकाश चाललेली, सगळीकडे सारख्या जाडीची, वळणावर किंचित थरथरलेली. एकोणिसाव्या शतकात जिओव्हानी मोरेली या इटालियन अभ्यासकाने जुन्या चित्रांचे कर्ते ओळखण्यासाठी कान आणि बोटांची नखं बघायला सुरुवात केली, कारण चित्रकार ती विचार न करता काढतो. आमच्याकडे मी कान आणि चपला बघतो. नकलाकार चेहऱ्यावर जीव ओततो आणि चपलेत स्वतःचा हात सोडतो.

आणि अक्षरं! इथे मराठी लेखिकेला परक्या भाषेतल्या कुठल्याही रहस्यकथेत सापडणार नाही असा खजिना मिळतो. व्यंगचित्राखालचा मजकूर आणि फुग्यातली वाक्यं चित्रकार हाताने लिहायचे. देवनागरीत शिरोरेषा कोण कधी देतो ते बघा. काही जण अक्षरागणिक देतात, त्यांच्या शिरोरेषेत प्रत्येक अक्षरावर शाईची बारीक गाठ दिसते. काही जण शब्द पुरा करून एका झटक्यात वरून रेघ ओढतात, ती सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती होते. काही जण आधी रेघ मारून तिला अक्षरं लटकवतात, तेव्हा अक्षराचा दंड रेघेच्या किंचित वर डोकावतो. ही सवय शाळेत लागते आणि सही बदलली तरी बदलत नाही. दुसऱ्याचा चेहरा, दुसऱ्याची सही हुबेहूब उतरवणारा माणूसही 'महागाई' हा शब्द लिहिताना स्वतःच्या शाळेत परत जातो.

याच धर्तीवर, मराठी वळणाचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' वेगळे, हिंदी वळणाचे वेगळे. नावाने मराठी असलेल्या चित्रकाराच्या फुग्यात अचानक हिंदी वळणाचा 'ल' आला, तर ज्याने लिहिलं त्याचं शिक्षण इंदूर किंवा बनारसच्या बाजूला झालेलं असू शकतं. 'इ' लिहिण्याऐवजी 'अि' लिहिणारा वयस्कर माणूस सावरकरांच्या लिपिसुधारणेच्या काळात, 'किर्लोस्कर' मासिक वाचत वाढलेला असू शकतो. अशा गोष्टी पहिल्याच प्रकरणात उघड्यावर ठेवा. वाचक त्या बघेल आणि पुढे जाईल. सगळं उलगडल्यावर पान उलटून मागे येईल तेव्हा त्याला तुमचा राग यायला हवा.

राजकीय हत्येचा माग हा तुमच्या कादंबरीतला चकवा म्हणून उत्तम आहे, कारण तो खोटा वाटत नाही. व्यंगचित्रकारांचे जे खरे खून झाले ते प्रतिस्पर्ध्यांनी केलेले नाहीत. हंडाला हा पाठमोरा मुलगा जगाला देणारे पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अली यांना २२ जुलै १९८७ रोजी लंडनमध्ये 'अल-कबस' या वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर गोळी घातली गेली, २९ ऑगस्टला ते गेले. ७ जानेवारी २०१५ ला पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो'च्या कचेरीतल्या हल्ल्यात काब्यू, वोलिन्स्की, शार्ब, तिन्यूस आणि ओनोरे हे पाच व्यंगचित्रकार मारले गेले. त्यामुळे तुमच्या मृताच्या टेबलाच्या खणात धमकीची पत्रं सापडली की पोलीस, वाचक, वृत्तपत्रं, सगळे तिकडेच धावतील, आणि ते योग्यच असेल. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तेवढाच वेळ मिळतो. फक्त हा भाग लिहिताना हात जपून चालवा. आमच्या व्यवसायातल्या माणसांनी हे खरोखर सोसलं आहे.

काळ कुठला घ्यावा असं मला विचाराल तर आणीबाणी. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. सेन्सॉरच्या काळात चित्र छापखान्याआधी अधिकाऱ्याच्या टेबलावर जायचं. एकीकडे अबू अब्राहम यांचं, राष्ट्रपती बाथटबमधूनच अध्यादेशांवर सह्या करून देतात, हे चित्र डिसेंबर १९७५ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये छापून आलं, दुसरीकडे त्यांचीच कितीतरी चित्रं अडवली गेली. अडवलेलं चित्र म्हणजे तुमच्यासाठी सोन्याची खाण. ते अस्तित्वात आहे, त्यावर सरकारी शिक्का आहे, आणि ते पाहिलेली माणसं तीन-चारच. दुसऱ्या दैनिकाच्या चित्रकाराला त्यातला तपशील ठाऊक असेल तर तो त्या तीन-चारांपैकी कोणाकडून तरी कळला, नाहीतर मृताच्या खोलीत. शिवाय हा काळ ब्लॉक आणि ऑफसेट यांच्या सांध्यावरचा आहे. एका दैनिकात जुनी छपाई आणि दुसऱ्यात नवी ठेवलीत तर वर सांगितलेल्या दोन्ही युक्त्या एकाच कादंबरीत चालतील. खऱ्या दैनिकांची आणि खऱ्या चित्रकारांची नावं मात्र पात्रांना देऊ नका. लक्ष्मण किंवा ठाकरे डोळ्यांसमोर येतील असं पात्र केलंत की वाचक रहस्य सोडून साम्यं शोधत बसतो.

गुन्हा उलगडणारा कोण? व्यंगचित्रकार नको, इन्स्पेक्टर एकटाही नको. मुद्रितशोधक घ्या. चांगला मुद्रितशोधक डाक आणि शहर अशा दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचतो, त्याला फरक बघायचीच सवय असते, आणि कचेरीत तो कोणाच्या खिजगणतीत नसतो. त्याच्यासमोर कोणीही काहीही बोलतं.

त्याच्यासमोर एक अडचण उभी करा. कचेरीतल्या आणि मुंबईतल्या ग्रंथालयांतल्या बांधीव फायलींत शहर आवृत्ती असते. डाक आवृत्ती एसटीने आणि रेल्वेने जिल्ह्यांत गेलेली असते, ती तिकडच्याच एखाद्या वाचनालयात बांधून ठेवलेली. त्यामुळे तपासासाठी त्याला रत्नागिरी, जळगाव किंवा नांदेडकडे जावं लागेल. तिथल्या ग्रंथपालाला फाइल कुठे आहे ते विचारावं लागेल, उधईने खाल्लेली पानं जपून उलटावी लागतील, आणि नेमकं ते पान कोणीतरी ब्लेडने कापून नेलेलं आहे की शाबूत आहे, हे तुम्ही ठरवायचं. कापलेलं निघालं तर वाचनालयाच्या नोंदवहीत ती फाइल कोणी मागितली होती त्याची सही असेल. त्या सहीची शिरोरेषा कशी दिली आहे ते आधीच्या प्रकरणात दाखवून ठेवा.